‘बॉस’ शब्दाचा माग

४ मार्च, सोमवार
‘बॉस’ हा शब्द आला कुठून? मला माहीत नाही. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेय, तरी!

झालं असं – हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत सुपरवायझर म्हणून आज पहिला दिवस. घड्या घालणाऱ्या बायकांत माझी आईही, बावीस वर्षांपासून. मला बघून म्हणाली, “बॉस आल्या. सरळ उभ्या राहा गं.” सगळ्या हसल्या. मी म्हटलं, बॉस नका म्हणू. तर म्हणते, “का? वाईट शब्द आहे? आला कुठून?”

५ मार्च
सापडला. डच लोकांचा ‘बास’ – म्हणजे मालक. अमेरिकेत कामगारांना मालकाला ‘मास्टर’ म्हणायचं नव्हतं. त्यात गुलामीचा वास. म्हणून हा उचलला, असं म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत मोठ्या ऐटीत सांगितलं. आई डबा उघडत म्हणाली, “म्हणजे पाटी बदलली. माणूस तोच ना?”

थोडा राग आला.

७ मार्च
आणखी मागे गेले. मूळ अर्थ मामा-काका असावा असं काहींचं मत. बाकीच्यांना पटत नाही.

इस्त्रीवाली म्हणाली, “मग तुला मामा म्हणू, की मामा बनवू?” आईला हसून हसून ठसका लागला.

११ मार्च
ट्रक दारात उभा. ड्रायरचं घड्याळ बघून मी म्हटलं, घाला घड्या. कुणी हलेना! सगळ्या आईकडे बघत होत्या. तिने चादरीचं टोक गालाला लावलं. “दमट आहे गं. वास मारेल.” मी हट्टाला पेटले. शेवटी तिने मान हलवली, तेव्हा कुठे बाकीच्यांचे हात चालू झाले.

१२ मार्च
तीनशे चादरी परत आल्या. कुबट वास. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, कुणी भरायला लावल्या? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “मी.”

तिला लेखी ताकीद. बावीस वर्षांतली पहिली.

घरी भांडले. ती शांतपणे म्हणाली, “तुला लागून आठवडा झालाय. पहिल्याच आठवड्यात डाग नको.”

१३ मार्च
मालकांना विचारलं – माझ्याआधी वर्षभर सुपरवायझर नव्हता, तेव्हा काम कोण बघायचं?

“तुझी आईच की. पण ती सातवी पास, तिला कसं करणार?”

१४ मार्च
मालकांना लिहून दिलं – दमट चादरी मी भरायला लावल्या, ताकीद माझी. सुपरवायझर आईला करा, मला घड्या घालायला ठेवा. मालक बराच वेळ कुरकुरले, मग त्यांनी सही केली.

आईला अजून सांगितलेलं नाही.