खाट नंबर चार

३ फेब्रु.
सलीमभाईंच्या तळहातावरची गाठ काढली. युसूफ वडगाव या गावचे मेकॅनिक. पाना धरता येईना. डॉ. ताईंनी हात बधिर करून वीस मिनिटांत उरकलं. मी सवयीनं म्हणाले, "स्टँडपर्यंत चालून या, चहा पिऊन या." मोठ्या डॉक्टरांची, म्हणजे ताईंच्या वडिलांची पद्धत. चक्कर न येता परतला की पेशंट घरी. इथली नर्स म्हणून अठ्ठावीस वर्षं हेच केलं. भाई हसत आले. सोडलं.

१९ फेब्रु.
सलीमभाईंचा विमा नामंजूर. भरतीची नोंद नाही, खाट नंबर नाही, म्हणून ही 'ओपीडी'. ओपीडीला विमा नाही. खाटेवर घेऊन संध्याकाळी सोडलं असतं तर तीच गाठ 'डे-केअर', सगळे पैसे परत. ताईंनी बजावलं होतं, आधी खाट. साफ विसरले. गॅरेजच्या कॉम्प्रेसरसाठी ठेवलेले पैसे भरलेत भाईंनी. फार वाईट वाटतंय.

२० फेब्रु.
मोठे डॉक्टर असताना कागद एकच. "गाठ काढली. बरा आहे." खाली सही. त्यावर कुणी शंका घेतली नाही. लिंबाखालच्या बाकावर पेशंट, शेजारी त्याची माणसं, भाकरीचं फडकं. मलाही घास काढून ठेवायचे. आज दिवसभर डॉक्टरांची आठवण. गेल्यालाही पाच वर्षं...

२२ फेब्रु.
विम्याचा एजंट फोनवर : "खाटेवरचा फोटो टाका, तारीख मागची लिहा. होतंय." ताई म्हणाल्या, मी असलं काही सांगणार नाही. पण भाईंना बोलावलं मीच.

२४ फेब्रु.
भाई चार नंबरवर आडवे. बऱ्या झालेल्या हाताला नवी पट्टी. मी मोबाईल धरला.
"सिस्टर, तोंड कसं करू? लई दुखल्यावानी?"
दोघं हसलो. मग मला हसू आवरेना, आणि मग रडूच.
"आता कावून रडायलाव?"
"उठा भाई. नाही जमत."
"माझे पैसे बुडतेत की, सिस्टर." हे मात्र हसून नाही म्हणाले.

२५ फेब्रु.
विमा कंपनीला पत्र. खरं तेच. ऑपरेशन झालं, पेशंटला खाटेवर घेतलं नाही, चालायला मीच पाठवलं. खाली ताईंनीही सही केली, न सांगता.

११ मार्च
उत्तर नाही. भाईंचा फोन एक दिवसाआड. "आलं का काई?" नाही.
आज गाठीचाच एक पेशंट, नांदूरघाटचा. आल्या आल्या नोंद केली, चार नंबरवर घेतला. संध्याकाळपर्यंत अंगावर चादर. दर अर्ध्या तासाला घाबरून विचारी, "सिस्टर, खरं सांगा, मला काय झालंय? घरी कावून सोडंनात?"