किलोच्या काठ्या आणि माझी टेप

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून (उजवा गुडघा परवानगी देईल तितकं वाकून) नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचं रात्रीचं खोकणं थांबलं का? आणि आमच्या किलोचा सख्खा भाऊ, तुमचा मीटर, शेपूट हलवत मजेत आहे ना? त्याची चौकशी मी मुद्दाम करतोय, कारण पुढे कळेल. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळं स्वयंपाकघरात ऐकू जातं आणि जेवताना ताटात परत येतं. म्हणून हे पत्र.

तर हकीकत अशी. आमच्या शेजारचे दातांचे डॉक्टर तुला आठवत असतील (तेच, जे बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघतात). त्यांनी कुत्री पाळली आहे, उंच, सडपातळ, आणि स्वभावाने त्यांच्यासारखीच शिष्ट. जमिनीत एका ओळीत बारा काठ्या उभ्या करायच्या आणि कुत्र्याने एक काठी डावीकडून, एक उजवीकडून अशी नागमोडी पळत ती ओळ पार करायची, हा खेळ तिला येतो. त्याचा व्हिडिओ डॉक्टरांनी चहाच्या वेळी सगळ्या गल्लीला दाखवला. सगळे वा वा करत होते. माझी जीभ वळवळली आणि मी म्हणून गेलो की त्यात काय मोठंसं, आमचा किलो श्वानमंडळाच्या महिनाअखेरीच्या स्पर्धेत हे डोळे मिटून करेल. डॉक्टर नुसतं “बघू” म्हणाले. ताई, ते “बघू” मला फार झोंबलं. वजनमापं निरीक्षक म्हणून नोकरीत होतो तेव्हा मी बाजारात शिरलो की तराजू आपोआप सरळ व्हायचे. आता मी खोलीत शिरलो तर कोणी पायसुद्धा आवरून घेत नाही. भाजीत मीठ किती घालायचं, एवढंही मला कोणी विचारत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी स्पर्धेत किलोचं नाव देऊन आलो.

आता काठ्या निवडायच्या. तुला वाटेल, काठी ती काठी. तसं नसतं. टोकदार बुडाच्या, जमिनीत खुपसायच्या काठ्या असतात. लोखंडी पट्टीवर बसवलेल्या असतात. काही खाली स्प्रिंगवाल्या असतात, म्हणजे कुत्र्याचा धक्का लागला तर लवून पुन्हा उभ्या राहतात (आमच्या खात्यात असे बरेच जण होते). दोन काठ्यांमध्ये साठ सेंटिमीटर अंतर हवं, असा नियम आहे. नियम म्हटल्यावर माझ्या अंगात वारं शिरतं, हे तुला माहीतच आहे. मी माझी जुनी सरकारी स्टीलची टेप कपाटातून काढली, तिला तेल दिलं आणि खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने मला ओळखलं. लगेच खुर्ची आली, चहा आला. मी त्याच्या काठ्या मोजल्या, तर छापलेल्या उंचीपेक्षा बोटभर आखूड. मी सवयीने नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. तो घामाघूम झाला आणि म्हणाला, साहेब, माल कालच आलाय, तपासायचा राहिलाय. इथवर सगळं छान चाललं होतं. पण मी (वेडाच मी) बोलता बोलता सांगितलं की निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. ताई, मी चहाचा कप ठेवायला उठलो तेवढ्यात ती खुर्ची दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली. उरलेली खरेदी मी उभ्याने केली. ही गोष्ट मी घरी सांगितलेली नाही, तूही कोणाला सांगू नकोस.

त्या टोकदार काठ्या मी मागच्या अंगणात ठोकायला घेतल्या. जमीन कडक. चौथी काठी काही केल्या आत जाईना, म्हणून मोठा हातोडा आणला. काठी आत गेली, पण आतून पाणी बाहेर आलं. नळाचा पाइप नेमका तिथूनच गेला होता. कारंजं डॉक्टरांच्या खिडकीपर्यंत उडालं आणि त्यांनी त्याचाही व्हिडिओ काढला. नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर मोठा हुशार. अंगण खणून झाल्यावर त्याने मला समजावलं की काठ्या जमिनीत ठोकूच नयेत, प्लास्टिकचे पाइप घ्यावेत (त्याच्याकडून), रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून उभे करावेत. ते केलं. सिमेंट वाळेपर्यंत पाइप सरळ धरून उभं राहावं लागतं, हे त्याने सांगितलं नव्हतं. मी एक सरळ करेपर्यंत दुसरा कलायचा. शेवटी बाराच्या बारा पाइप वेगवेगळ्या दिशांना वाकून एकमेकांशी काहीतरी कुजबुजत असल्यासारखे दिसायला लागले. किलोने एक पाय वर करून प्रत्येकाची हजेरी घेतली आणि आत निघून गेला.

मग लोखंडी पट्टीवाल्या आणल्या. अंगण खणलेलं, त्यामुळे त्या मावल्या फक्त घरातल्या बोळात, म्हणजे न्हाणीघरापासून मागच्या दारापर्यंत. तुझ्या भावजयीने पहिल्या दिवशी तोंडाचा पट्टा सोडला, कारण बोळातून जायचं तर काठ्यांतूनच जावं लागतं. आता तिला सवय झाली आहे. ओल्या कपड्यांची बादली कमरेवर घेऊन ती डावी-उजवी करत सरसर जाते. मी मात्र दोनदा अंगठा ठेचला. आणि किलो? मी दुसऱ्या टोकाला बिस्किट घेऊन बसतो, आधी टेप टाकून अंतरं पुन्हा तपासतो (लोखंडी पट्टी असली तरी आपण खात्री केलेली बरी), अर्ध्या सेंटिमीटरची चूक सुधारतो, टेप सोडतो, ती खाडकन आत जाते, आणि वर बघतो तर किलो पलंगाखाली. रोज हेच. स्प्रिंगवाल्या काठ्या आणल्या तरी हेच. काठ्यांचे रंग बदलले तरी हेच. मला तर वाटतं हा कुत्रा मुळातच आळशी निपजला.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, मीटरच्या डोक्यावरून हात फिरव.

तुझा,
धाकटा

ता. क. मागे तू पाठवलेलं गुडघ्याचं तेल उत्तम आहे. किलोलाही त्याचा वास आवडतो.

ता. क. २. तुमचा मीटर या काठ्यांतून सुरेख पळतो असं भाऊजी मागे म्हणाले होते. दोघे एका वेतातले, दिसायला एकसारखे काळेभोर. फरक एवढाच की किलोचा पुढचा डावा पंजा पांढरा आहे. पांढरा पंजा घरातल्या चुन्याने सहज करता येतो. तेव्हा मीटरला स्पर्धेपुरतं इकडे पाठवशील का? भाऊजी श्वानमंडळाचे चिटणीस, त्यामुळे त्यांना यातलं काही कळता कामा नये.

ता. क. ३. गुडघ्यामुळे पोस्टापर्यंत जाववत नाही. पत्र हिच्याकडेच देतोय. दुसऱ्याची पत्रं वाचायची तिला सवय नाही.

वन्संना सप्रेम नमस्कार. पाकीट चिकटवायचं कामही मलाच सांगितलं, म्हणून वाचलं. मीटरला पाठवू नका. ह्यांनी जन्मभर लोकांची खोटी मापं पकडली, आता ह्यांच्या हातून खोटा कुत्रा नको. किलो काठ्यांतून झकास जातो. रोज सकाळी मी कपडे वाळत घालायला निघाले की बादलीमागून तो एकही काठी न चुकवता मागच्या दारापर्यंत येतो. तो काठ्यांना घाबरत नाही, त्या टेपच्या खाडकन आवाजाला घाबरतो. हे मी दोनदा सांगितलं, पण तेव्हा ते मोजत होते. स्पर्धेत किलोबरोबर मी धावणार आहे, रिकामी बादली घेऊन. तुमच्याकडे मागणं वेगळंच आहे. स्पर्धेच्या दिवशी काठ्यांमधलं अंतर तपासायला मंडळाला कोणीतरी लागत असेलच. त्या कामासाठी भाऊजींनी ह्यांना मंडळाच्या कागदावर रीतसर बोलावणं धाडावं. छातीवर लावायला बिल्ला असेल तर फारच बरं. आमची पाळी आली की टेप तेवढी भाऊजींनी काढून घ्यावी.

आणि बसायला हातांची खुर्ची ठेवायला सांगा, ती शेवटपर्यंत कोणी उचलायची नाही. दुकानातलं मला आत्ता इथेच कळलं.