कापसाच्या ढिगावरची शाळा

गोकुळभाऊ,

अरे, माझ्या काजलले रेंज भेटली! कोरोनानं शाळा पुन्हा बंद झाली तेव्हा तू म्हणला होता, "ताई, तुमच्या गावात नेटवर्क नाही, भाचीले माझ्याकडं पुण्याले पाठव." तुझे भाऊजी तयार झाले. म्याही हो म्हटलं.

वरच्या फळीवरची बॅग काढाले पोरगी घरातल्या कापसाच्या ढिगावर चढली. बोंडअळीनं अर्धा खाल्ला, तरी बीटीचा कापूस छताच्या टिनापर्यंत पोचला आहे. तिथं मोबाइल टिंगटिंग वाजाले लागला! आता तिची दहावी तिथंच भरते. अंगाले खाज सुटते, पण उतरत नाही. सर विचारतात, "मागं बर्फ कसला? काश्मीरले गेली काय?"

काल डोणगावचा व्यापारी चांगला भाव घेऊन आला. म्या दारातच सांगितलं, "परीक्षा होईपर्यंत कापूस हलत नाही." तुझे भाऊजी पाहतच राह्यले. मग तेच त्याले म्हणाले, "भाव वाढून राह्यला, थांबतो आम्ही."

फोनवर तुले मीही कापसाच्या भावाचंच कारण सांगीन, म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. ढीग गेला तर पोरगीही जाईल, भाऊ. अन् ती बॅग म्या कापसात खोल दाबून टाकली आहे.

तुझी ताई,
सध्या ढिगाची राखणदार