आजारपणाच्या धड्याची तालीम

प्रिय अक्का,

उद्या रविवार. तास आहे ना, असे वर्गातल्या सगळ्यांचे मेसेज आलेत. तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले आणि मी धड्यांची वही अजून उघडलेली नाही. उघडण्याआधी तुमच्याशी बोलायला हवं, म्हणून लिहितेय.

पुण्या-नाशकाकडून इथे चेन्नईच्या वेलचेरीत नव्याने आलेल्यांना बोलायची तमिळ शिकवायची, ही कल्पना माझी. धडे तुमचे. तंजावरच्या मराठी घरात जन्मलेली, आयुष्यभर शाळेत तमिळ शिकवलेली बाई समोरच्याच फ्लॅटमध्ये मिळाल्यावर मला आणखी काय हवं होतं? दर शुक्रवारी ऑफिसमधून आले की तुमच्या जेवणाच्या टेबलाशी तालीम. तालमीचा नियमही माझाच. मराठी शब्द तोंडून निघाला की तेच वाक्य पुन्हा, तमिळमध्ये.

आणि तुम्ही सोंग काय हुबेहूब काढायचात! घरमालकीण झालात तेव्हा पाण्याच्या मोटारीवरून मला इतकं झापलंत की मी रडकुंडीला आले. मग स्वतःच हसत म्हणालात, "घाबरली का, पोरी?"

त्या शुक्रवारी आजारपणाचा धडा होता. मी डॉक्टर, तुम्ही पेशंट. तुमचं एकीकडे सांबाराचे कांदे सोलणं चालू होतं. मध्येच सुरी खाली ठेवलीत, हात छातीवर नेलात आणि म्हणालात, "छातींत दुखतें, सुजाता."

मी काय म्हणाले, आठवतं? "अक्का, मराठी नाही. तमिळमध्ये सांगा."

आणि तुम्ही सांगितलंत. "नेंजु वलिक्कुदु." अगदी स्पष्ट, वर्गात सांगावं तसं. मी "छान" म्हणाले. वहीत बघून डॉक्टरचा पुढचा प्रश्न विचारला, "एप्पोलेरुंदु?" कधीपासून? उत्तर आलं नाही, म्हणून मान वर केली.

का ऐकलंत माझं? एरवी माझं एक ऐकायचा नाहीत. आणि पेशंट डॉक्टरला नावाने हाक मारत नाही, एवढंही माझ्या डोक्यात शिरू नये?

हॉस्पिटलमध्ये म्हणाले, त्या दोन मिनिटांनी फरक पडला नसता. तुमच्या मुलानेही माझी समजूत काढत तेच सांगितलं. पण मी "छान" म्हणाले होते, हे त्याला माहीत नाही. सांगायचा धीरच झाला नाही.

आज संध्याकाळी त्याला फोन करून सगळं सांगणार आहे. उद्या वर्गालाही सांगेन आणि मग हाच धडा घेईन. अक्का, तुम्हाला शब्द देते. यापुढे माझ्यासमोर कुणीही, कुठल्याही भाषेत, खरं किंवा खोटं, दुखतंय म्हणालं, तर मी आधी वही मिटेन आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघेन.

तुमच्या समोरच्या दारातली,
सुजाता