जागतिक पुरस्कार आणि माझ्या बरगड्या

ती. सौ. सुलक्षणा मावशी आणि ती. आनंदराव काका यांना वाडीच्या माऊलीचा दंडवत.

माझ्या आयुष्याचं वाटोळं झालं ते भोरच्या मंगल कार्यालयात, पडद्यावरचा पहिला फोटो जाऊन दुसरा आला त्या क्षणी. हे आधी सांगून टाकलं, आता खुशाली विचारतो. मावशी, तुमचा गुडघा कसा आहे? काकांनी तंबाखू सोडली का (म्हणजे परत सोडली का)? म्हैस व्यायली का? उत्रोलीचं भात पोटरीला आलं असेल. इकडे आई बरी आहे. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, म्हणजे तेही बरेच आहेत. फोन का केला नाही म्हणाल, तर मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात पुरलाय, कारण उघडला की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर माझाच फोटो असतो, आणि खाली हसून रडणारी तोंडं. म्हणून हे पत्र सावळाराम तात्यांच्या हाती देतोय, ते बाजाराला भोरला निघालेत. (तात्या, तुम्ही हे वाटेत उघडणार हे मला माहीत आहे. इथून पुढं वाचू नका, तुमचंही नाव आहे.)

तुमच्या शेजारच्या मंगलताईंची शेफाली, जिच्याबद्दल गेल्या जत्रेत तुम्हीच मला कोपरानं ढोसून 'पोरगी गुणाची हाय, बघ बाबा' म्हणाला होतात, ती पुण्याच्या एका संस्थेत लागली हे तुम्हाला ठाऊक आहेच. ही संस्था गावोगाव फिरून लोकांना नाचणी खा, वरई खा, रानभाज्या खा म्हणून सांगते. (आमच्या वाडीला नाचणी खा सांगायला पुण्याहून एसी गाडी येते. उद्या माशांना पोहायला शिकवायला येईल.) आणि परदेशात म्हणे एक मोठा पुरस्कार असतो, जगाच्या अन्नाची आणि पोषणाची ज्यांनी चिंता वाहिली त्यांना देतात. संस्थेच्या डॉक्टरसाहेबांना तो हवा होता, आणि शेफाली मला म्हणाली, "माऊली, ह्या कामाला तुझ्यासारखा चेहरा पाहिजे." मावशी, माझ्या जागी काकाही असते तरी त्यांनी कॉलेज सोडलं असतं. रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक सोडून मी नाचणीची पोती टेम्पोत चढवायला लागलो. बाबांनी विचारलं, "काय काम करतोस तिथं?" मी म्हणालो, चेहऱ्याचं. तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलं.

आता मोड्याचं सांगतो. तुमच्याकडे मोडा नावाला उरलाय, सकाळी नारळ फोडला की दुपारी मटकीची उसळ. आमच्या वाडीत अजून कडक आहे. लावणी उरकली की एक मंगळवार देवीचा. औत जुंपायचं नाही, कोयता उचलायचा नाही, आणि संध्याकाळी निवद दाखवेपर्यंत चूल पेटवायची नाही, तोंडात काही घालायचं नाही. कुठला मंगळवार, ते गुरव देवीला कौल लावून आदल्या दिवशी सांगतो. पुरस्काराचे परदेशी परीक्षक यायची तारीख महिनोन्‌महिने आधी ठरलेली, आणि देवीनं नेमका तोच मंगळवार उचलला. डॉक्टरसाहेब चावडीवर येऊन हात जोडायला लागले, एवढा वार पुढे ढकला म्हणून. सावळाराम तात्यांनी शांतपणे विचारलं, "सायेब, पाव्हण्यांची तारीख देवीला कुनी कळीवली व्हती का? न्हाई ना? मंग तिचा काय दोष?" डॉक्टरसाहेबांनी पुन्हा कौल लावायला लावला. देवी ठाम. (बाईमाणसानं एकदा ठरवलं की ठरवलं, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.)

तर मावशी, जगाची भूक मोजणारी माणसं बरोबर त्या दिवशी आमच्या वाडीत आली, ज्या दिवशी एकाही छपरातून धूर निघत नव्हता. माणसं ओट्यावर तोंड बंद करून बसलेली. नाचणीचे लाडू आदल्या दिवशीच वळले होते, ते मांडले, पण खाणार कोण? परीक्षक बाईंनी मायेनं एक लाडू म्हाताऱ्या सखूबाईपुढे धरला, तर तिनं तोंड फिरवून दोन्ही हात जोडले. बाईंना वाटलं, बिचारी पाहुण्यांसाठी घास सोडतेय. बाईंनी लगेच डोळे पुसले. टेम्पो खाली चिखलात रुतला होता आणि बैल जुंपायचे नव्हते, म्हणून टोपल्या पाठीवर वाहणारा बैल मीच होतो. शर्ट नवा होता, शेफालीसाठी घेतलेला, तो भिजू नये म्हणून काढून देवळाच्या कठड्यावर ठेवलेला. आमचं घराणं तुम्हाला माहीत आहे, खाल्लेलं अंगाला लागत नाही. सगळ्यांनी मिळून एकाचं शेत उरकलं की बसते त्या इर्जिकीच्या पंगतीत माझ्या शेजारी बसायला लोक घाबरतात, रोजच्या सात भाकरी कुठं जातात ते आईलाही कळत नाही, पण बरगड्या म्हणाल तर दुरून मोजून घ्या. बाईंनी विचारलं, कधी जेवलास? मी खरं तेच सांगितलं, यस्टरडे. आज? मी म्हणालो, नो फायर. पुढे देवीचं, कौलाचं, सात भाकऱ्यांचं सगळं सांगायचं होतं, पण ते दुसऱ्या वर्षाच्या इंग्रजीत मावेना. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. शेफालीनं फोटो काढला आणि तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय माझ्यासाठी. (आता वाटत नाही.)

पुरस्कार मिळाला. तिकडचा सोहळा इकडे पडद्यावर दाखवायला भोरचं मंगल कार्यालय घेतलं, अख्खी वाडी टेम्पोतून आणली. तुमचा पोरगा जगात झळकणार, असं तात्यांनी सांगितल्यावर बाबासुद्धा धुतलेली टोपी घालून आले. पडद्यावर मी आलो. उघडा. घराएवढ्या बरगड्या. खाली इंग्रजीत एक शब्द. सगळे माझ्याकडे वळले, कारण वाडीत अर्धं का होईना कॉलेज माझंच झालेलं. "काय लिवलंय रं?" मी वाचलं. 'बिफोर', म्हणजे उपक्रमाच्या आधी. मी म्हणालो, "लिहिलंय की हा तरुण म्हणजे कामाचा पाया." टाळ्या पडल्या. बाबांनी उपरण्यानं नाक पुसलं. आणि मग तो दुसरा फोटो आला.

किकवीच्या ढाब्यावाल्याचा कुमार! ज्यानं जन्मात नाचणी पाहिली नाही, ज्याची सकाळ मिसळीनं उगवते आणि रात्र ब्रॉयलरनं मावळते. मोड्याच्या दिवशी शेफालीची स्कूटी बंद पडली म्हणून हा तिला बुलेटवरून सोडायला आला होता. त्याच देवळाच्या भिंतीला टेकून, हातात नाचणीचा लाडू धरून उभा, आणि अंगात माझा शर्ट! बटणं तुटायला आलेली. मी समजत होतो शर्ट माकडांनी नेला. खुलासा शेफालीनंच माईकवरून केला: "हा आपला तरुण आधी, आणि हाच आपल्या आहारानंतर." हाच! मंगल कार्यालय असं हसलं की वाजंत्र्यांची गरज नव्हती. किती महिन्यांनी बाबा माझ्याशी बोलले. म्हणाले, "शर्टाचा पत्ता लागला म्हन की."

जेवणाच्या रांगेत मी शेफालीला गाठलं. (मेन्यू सांगतो. पनीर, नान, गुलाबजाम. नाचणीचा कण नाही.) ती म्हणाली, "चिडतोस काय येड्या? त्या बाईंनी तुझ्याकडं बघूनच पुरस्कार दिला. तुझ्याइतकं उपाशी कुणाला दिसता येतं का? कुमारचे नुसते गाल घेतले, कामाचा चेहरा तुझाच." आणि हसली. ते हसणं तुम्ही पाहिलेलं आहे, त्यामुळं मी तिथं भांडण का केलं नाही हे विचारू नका. चार गुलाबजाम खाल्ले आणि निघालो.

मावशी, फोटोचा राग नाही. हसले त्यांचाही नाही. पण टेम्पोतून उतरून घरी उंबऱ्यात पाय ठेवताना आई म्हणाली, "म्या तुला जेवाय घालत न्हवते का रं?" गुडघाभर चिखलात जन्मभर कंबर मोडून पिकवलं, सात सात भाकरी थापल्या, आणि जगानं टाळ्या वाजवल्या त्या कशाला, तर तिचं पोर उपाशी आहे याला. म्हणून ठरवलंय, शेफाली संपली. संस्था संपली. ह्या जन्मात तिचं तोंड बघणार नाही.

आपला,
माऊली

ता. क. खरं काम राहिलंच. मला दोन महिने तुमच्याकडे ठेवून घ्या. उत्रोलीचा इंद्रायणी भात, म्हशीचं तूप, दुपारी झोप. 'नंतर'चा माणूस मला माझा मीच व्हायचंय, कुमारच्या गालांवर नको. तुमचं घर शेफालीच्या दाराला लागून आहे हा निव्वळ योगायोग समजावा.

ता. क. २. मंगलताईंना सांगा, माऊली आता पोरींकडे बघत नाही. पण त्या स्थळं बघत असतील तर किकवीकडची माणसं फार खोटी असतात, हेही सांगा.

ता. क. ३. तात्या पिशवी घेऊन दारात खोळंबलेत, आणि त्यांच्या मागं शेफालीची स्कूटी येऊन थांबलीय. ती म्हणते, संस्थेनं आणखी एका पुरस्काराला अर्ज केलाय, त्याहून मोठा. 'आधी'चा नवा फोटो हवाय, आणि अख्ख्या तालुक्यात तुझ्यासारखा दुसरा कुणी नाही. मावशी, असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. तेव्हा तुपाचं सध्या राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू. आईनं ताट वाढलंय, सातही भाकऱ्या. तिला म्हणालो, आल्यावर खातो, आत्ता पोट रिकामं असलेलं बरं. तिनं ताटावर दुसरं ताट झाकलं. शर्ट खुंटीला अडकवलाय. निघालो. दार बाहेरून ओढून घेतो, मी उघडा निघालेला आईला दिसायला नको.