माझी आई हुंदका देत बोलली नव्हती

मी, स्नेहलता महादेव ढगे, वय बाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार संग्रामपूर, जि. बुलढाणा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीने आणि रागाने करत आहे. मी सांगते आहे, दस्तलेखक गुलाबराव टाइप करत आहेत. झटका उजव्या हाताला आला आहे, डोक्याला नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्या चुलत घराण्याने तो दोनदा वाचावा.

१. राहते घर धाकटी बहीण जयमाला हिला. अंगणातला पेरू तोडू नये. तिचा नवरा म्हणेल, गाडीला जागा करू. करू नये.

२. बँकेतल्या ठेवीतून माझे क्रियाकर्म व्हावे, उरेल ते गावच्या वाचनालयाला. तेरवीला चुलतभावाचा मुलगा शंतनु याला बोलवावे, पोटभर वाढावे, पण दोन शब्द बोलू देऊ नये. कारण पुढे देते.

३. शंतनुचे पुण्यात प्रकाशन आहे. घरचा पोरगा म्हणून माझ्या कथांचे पुस्तक त्याच्याकडे दिले. पहिली कथा माझ्या आईची, रुखमाबाईची. माझे वडील गेल्यावर चुलते उकंडराव, म्हणजे याच शंतनुचे आजोबा, आमच्या शेताचा हक्कसोड कागद आणि शाईचे पॅड घेऊन आले आणि अंगठा घ्यायला आईचा हात धरू लागले. तिला लिहिता येते का, हे त्यांनी उभ्या जन्मात विचारले नव्हते. मी लिहिले होते:

“मले लिव्हता येते.” आईनं पॅडचं झाकण लावलं.

शंतनुने छापले:

“मला लिहिता येतं,” आई हुंदका देत म्हणाली.

कुठला हुंदका बे? मी तिथेच उभी होते. आईने सही केली नाही, अंगठाही दिला नाही. कागद चुलत्यांच्या हातात परत ठेवला आणि गाईले पाणी पाजाले गेली. ते शेत राहिले म्हणून मी शिकले, शिक्षिका झाले. त्या बाईला याने माझ्याच पुस्तकात रडवले.

फोन केला तर म्हणतो, आत्या, नुसतं झाकण लावलं म्हटल्यावर वाचकाला भाव कळत नाही. शिवाय आजोबा फार वाईट दिसतात. हं, चोराच्या मनात चांदणे.

४. म्हणून पुस्तकाचे सर्व हक्क माझी विद्यार्थिनी धम्मशीला, सोनाळ्याच्या शाळेतली शिक्षिका, हिला देते. तिने ते नव्याने छापावे. बोलण्यापुढे ‘म्हणाली’ असेल तिथेच स्वल्पविराम घालावा. माणूस बोलला आणि मग त्याने काही केले, तर बोलणे पूर्णविरामाने संपवावे आणि कृतीचे वाक्य स्वतःच्या पायावर उभे राहू द्यावे. झाकण लावून कोणी बोलत नसते, तोंडाने बोलते. जे हातांनी केले त्यावर वरून हुंदके, सुस्कारे शिंपडू नयेत. आईच्या तोंडची वऱ्हाडी पुण्याला नेऊन धुऊन आणू नये.

५. शंतनुला, त्याने माझ्या पूर्णविरामांच्या जागी घातलेले सर्व स्वल्पविराम, वंशपरंपरेने. माझी लाल पेने मात्र देऊ नयेत. माकडाच्या हाती कोलीत एकदा दिले, तेवढे पुरे.

गुलाबराव, आता घडले तेही टाइप करा. सहीची वेळ आली तेव्हा माझा थरथरता हात पाहून तुम्ही पॅड उघडून पुढे सरकवले. अंगठाही चालतो, मॅडम, असे म्हणालात. तुमच्या मनात वाईट नव्हते, हे मला ठाऊक आहे.

“मले लिव्हता येते.” मी पॅडचं झाकण लावलं.

स्थळ: संग्रामपूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) स्नेहलता महादेव ढगे

साक्षीदार:
(सही) गोपाल उत्तमराव इंगळे, शेजारी
(सही) केसरबाई वानखडे, निवृत्त परिचारिका

वरील सही बाईंनी आम्हा दोघांसमक्ष स्वतःच्या हाताने केली. वेळ लागला. बाई रडल्या नाहीत.