खमिराला दिलेला हात

सोमवार
आज या बेकरीत पीठ मळण्याच्या कामावर रुजू झालो. सुनेच्या दारात तुकडे मोडीत बसण्यापेक्षा हे शतपटीने बरे. खोली हवेशीर, उजेडाची. माणसे मात्र गबाळी. कोपऱ्यातील रांजणात पाव फुगवणारे खमीर असते. त्यात मालकीणबाईंच्या आजीपासूनचे जंतू नांदतात म्हणे! नव्या गड्याने न धुतलेला हात त्यात कोपरापर्यंत घालावा, म्हणजे खमीर त्याला ओळखते, असा इथला रिवाज. मी चौथी उत्तीर्ण आहे. असल्या गलिच्छपणाला भीक घालीत नाही. हात फिनेलने धुतला व तसाच ओला आत घातला.

मंगळवार
खमीर मेले. पाव विटांसारखे बसले. भट्टीवाला ओरडला, "आजोबा, खून केलात की हो!" डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांसाठी मी टिपे गाळीत नाही, असे त्यास सुनावले. मालकीणबाई म्हणाल्या, ज्याने मारले त्याने नवे द्यायचे, नाहीतर घरी जायचे. मैदा व पाणी कालवून माझा हात, साबणाविना, दुपारभर त्यात बुडवून ठेवविला. नोकरीसाठी सोसले.

गुरुवार
नवे खमीर काठोकाठ आले. त्याला माझ्या गंजिफ्राकाचा वास येतो. भट्टीवाला म्हणतो, अगदी आजोबांवर गेलंय, उगाच फुगतंय. उर्मट मनुष्य.

शनिवार
खाल्लेले पचत नाही; जसेच्या तसे बाहेर पडते. घामाला वास नाही. रोज भुंकणारे कुत्रे आज मला हुंगून, तिथे कोणी नसल्यासारखे झोपी गेले. मालकीणबाईंना विचारले. म्हणाल्या, "आजोबा, तुमचं पोट, तुमची कातडी तुमच्या अंगातले जंतूच तर चालवत होते. ते आता इकडे रांजणात राहायला आलेत." माझे शरीर किडे चालवीत होते! मूर्ख बाई.

सोमवार
बोट कापले. जखम चिघळत नाही, भरतही नाही. नुसती उघडी. विजार कमरेवर ठरत नाही. खमीर दुप्पट.

बुधवार
गिऱ्हाइके पावाची वाहवा करतात. चघळतात — मला —
माझे मला परत हवे. ही विनवणी नव्हे. मागणी आहे.

दुपार
उजवा हात रांजणात. डाव्याने लिहितो, अक्षर वाईट. आत ऊब आहे. ठणकावून सांगितले, मी मालक, तुम्ही भाडेकरू. बुडबुडे आले — हसल्यासारखे —
आत माझी बोटे मला लागत नाहीत.
क्षुद्र — किळसवाणे — खांद्यापर्यंत आले — माझ्याच आवाजात, शुद्ध भाषेत विचारतात, आपण कोण, आणि मला माझे नाव आठवे —